ग्वाव्हची रापण

कॅरिबियन समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. वेंगुर्ल्यात वाढलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही, बघावंच लागतं. आमच्याकडे समुद्रावर जायचं तर आधी तिथी बघतात. अमावास्या-पौर्णिमेला पाणी दोन-अडीच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. ओहोटी लागली की बायका कालवं, तिसऱ्या काढायला खाडीत उतरतात. होड्या कुठवर ओढून ठेवायच्या ते उधाणावर ठरतं, आणि माडांच्या बागा, घरं, देवळं सगळी त्या हिशेबाने मागे सरकून बसलेली असतात. ग्रेनेडात सकाळी पाणी जिथे असतं तिथेच ते संध्याकाळी असतं, फार तर हातभर इकडेतिकडे. म्हणून तिथला किनारा अरुंद असतो आणि सगळं पाण्याला अगदी लागून असतं. झाडांची मुळं ओली, होड्यांचे नाळ ओले, आणि काही घरांच्या मागच्या पायऱ्या थेट वाळूत उतरलेल्या. समुद्राशी इतक्या जवळून राहणारी माणसं कशी राहतात, हे मला तिथे बघायला मिळालं.

ग्रेनेडा म्हणजे 344 चौरस किलोमीटरचा देश. आपल्याकडचा एखादा तालुका याहून मोठा निघेल. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. माझी भाची तिथल्या सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत डॉक्टरकी शिकते, म्हणून माझं जाणं झालं. ती राहते दक्षिण टोकाला, ग्रँड आन्सच्या जवळ. ग्रँड आन्स हा बेटाचा मिरवायचा किनारा: दोन मैल पांढरी वाळू, मागे हॉटेलं, आणि क्रूझ जहाज लागलेलं असलं की छत्र्यांच्या रांगा. कायद्याने ग्रेनेडातले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, तिथे कुणालाही बसता येतं. तरी ग्रँड आन्सवर मला सारखं वाटत होतं की ही वाळू माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी रोज सकाळी झाडून ठेवली जाते. भाचीला म्हटलं, इथली माणसं त्यांच्या समुद्रावर कुठे जातात? ती म्हणाली, "मावशी, शुक्रवारी ग्वाव्हला जा. दिवसभर तिथे थांब. संध्याकाळी लेक्चर संपलं की मी येते."

ग्वाव्ह हे पश्चिम किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. वस्ती सुमारे तीन हजार. राजधानी सेंट जॉर्जेसच्या स्थानकातून पाच नंबरची छोटी बस तिकडे जाते. बसमध्ये चढणारा प्रत्येक जण आधी सगळ्यांना "गुड मॉर्निंग" म्हणतो आणि सगळी बस उत्तर देते, मगच तो बसतो. उतरायचं असलं की पत्र्यावर टकटक करायचं. सोका संगीत इतकं मोठ्याने चालू असतं, तरी ड्रायव्हरला ती टकटक बरोबर ऐकू येते. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर, आणि डोंगरावर जायफळ, कोको, केळी, नीरफणस. पुढच्या बाकावरच्या आजींचा चेहरा मला आपल्याकडचा वाटला. वाटला म्हणजे खरंच असणार. 1857 च्या मे महिन्यात 'मेडस्टोन' नावाचं जहाज कलकत्त्याहून मळ्यांवर राबायला गिरमिटिये घेऊन या बेटावर आलं होतं. त्यांची वंशावळ आता इथलीच आहे. आजींनी मला नीट न्याहाळलं, गुड मॉर्निंगच्या वर एक हसू दिलं, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

गावाच्या थोडं अलीकडे, पामिस्त नावाच्या वळणावर मी टकटक केली.

पामिस्तची वाळू काळपट आहे. बेट ज्वालामुखीचं, मधोमध 840 मीटरचा माउंट सेंट कॅथरीन, आणि ही वाळू त्याच्याच दगडाची. उन्हं चढली की पाय भाजतात. किनाऱ्याला माड आहेत, समुद्री द्राक्षाची जाड गोल पानांची झुडपं आहेत, आणि आपला जंगली बदाम आहे. तो मूळचा आपल्या बाजूचा, माणसांबरोबर तिकडे गेला आणि आता त्या किनाऱ्यांवर असा रुळलाय की तिथली पोरं त्याला परका मानणार नाहीत. त्याच्या लाल पानांखाली मी पिशवी ठेवणार तोच एका मुलीने हाक मारून पलीकडचं झाड दाखवलं. म्हणाली, याच्याखाली बसा, पण त्याच्याखाली नको, आणि पाऊस आला तर मुळीच नको. ते मँचिनील होतं. त्याचं फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, पण विषारी, आणि पानांवरून ठिबकणाऱ्या पावसाच्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात. गावातल्या प्रत्येक लहान मुलाला हे ठाऊक असतं. बाहेरच्याला सांगायचं, हेही ठाऊक असतं. मुलगी सांगून आपल्या कामाला निघून गेली. ती एका बादलीला दोरी बांधत होती.

किनारा शांत होता. ही शांतता कशाची होती हे मला लिहून ठेवायचंय, कारण प्रवासाच्या जाहिरातींत 'शांत किनारा' म्हणजे माणसं नसलेला किनारा असतो. पामिस्तवर माणसं होती. एक जण होडीच्या फळ्यांना रंग लावत होता. दोघे झाडाखाली जाळं पसरून भोकं विणत होते आणि त्यांच्या सुईचा वेग मला थेट आमच्या दाभोळीच्या नाक्यावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत घेऊन गेला. एक बाई वाळूत खुर्ची टाकून नुसती बसली होती. रेडिओ चालू होता. कोंबडा भलत्या वेळी आरवत होता. तपकिरी पेलिकन पाण्यावर पंख मिटून दगडासारखे कोसळायचे आणि मासा घेऊन वर यायचे. इतकं सगळं चालू होतं, पण कुणाला माझ्याकडून काही नको होतं. कुणी काही विकत नव्हतं, कुणी मला दाखवण्यासाठी काही करत नव्हतं. जो तो आपापल्या कामात, आणि सगळ्यांचे कान समुद्राकडे. त्या शांततेला एक कामाचं अंग होतं. ते काम काय, हे तासाभराने कळलं.

रस्त्याच्या वरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाने हात वर केला आणि ओरडला. रंगाचा ब्रश डब्यात पडला, सुया खिशात गेल्या. एक लांब होडी पाण्यात ढकलली गेली, दोराचं एक टोक किनाऱ्यावर राहिलं, आणि होडी अर्धवर्तुळ काढत, मागे जाळं सोडत निघाली. मी उभी राहिले. ही रापण होती! मालवणला, वेंगुर्ल्याला, निवतीला लहानपणापासून बघितलेली रापण. दोन टोकं किनाऱ्यावर, मधे पाण्यात जाळ्याची वेढी, दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा, आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येणार. ते लोक याला सेन म्हणतात. एक पोरगा डोळ्यांना काच लावून पाण्यात उतरला होता. जाळं खडकाला अडलं तर सोडवायला, आणि मासा कुठून निसटतोय ते बघायला. आपल्याकडे एवढं नितळ पाणी नसतं, हा एवढा फरक.

कुणी मला बोलावलं नाही, कुणी अडवलंही नाही. मी मघाच्या मुलीच्या मागे दोर धरला. ओला दोर हाताला तसाच लागतो, सगळीकडे. ओढणाऱ्यांत बाया होत्या, पोरं होती, आणि मघा खुर्चीवर नुसती बसलेली बाईही होती. म्हणजे ती नुसती बसलेली नव्हती, वाट बघत बसली होती. जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात आला तेव्हा पाणी चांदीसारखं उसळलं. आत जॅक्स होते: बांगड्यापेक्षा थोडे बारीक, डोळे मोठाले, अंगावर पिवळसर झाक.

पुढचं बघायला मी मुद्दाम थांबले, कारण रापणीची खरी गोष्ट मासे बाहेर आल्यानंतर सुरू होते. मालकाचा वाटा, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे, आणि ज्याने ज्याने दोराला हात लावला त्याच्या हातावर काहीतरी. आमच्याकडे तांडेल हे करतो. इथे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ करत होते आणि त्यांच्या वाटणीवर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. जॅक्सचा मोठा भाग बाजूला गेला, तो आमिषासाठी. ग्वाव्हच्या होड्या खोल समुद्रात लांब दोराला शेकडो गळ लावून पिवळ्या पराचा ट्यूना धरतात आणि तो ट्यूना विमानाने अमेरिकेला जातो. त्या गळांना जॅक्स लागतात. म्हणजे पामिस्तच्या वाळूवर पोराबाळांनी ओढलेली रापण नसेल, तर मोठ्या होड्या अडून राहतील. उरलेल्या माशांतले सहा त्यांनी एका पिशवीत घालून माझ्यासमोर धरले. मी पैसे काढायला लागले तेव्हा त्यांनी मान हलवली. "तू ओढलंस ना? मग हे तुझेच."

ते वाळूत बसले आणि मीही बसले. त्यांनी विचारलं, कुठली? इंडिया म्हटल्यावर म्हणाले, "गावसकर!" 1971 च्या दौऱ्यात चार कसोटींत 774 धावा काढणाऱ्या गावसकरांवर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने कॅलिप्सो बांधला होता आणि या आजोबांना तो अजून येतो. त्यांनी दोन ओळी म्हटल्याही. मी सांगितलं की गावसकर माझीच भाषा बोलतात, तेव्हा त्यांनी माझा हात पुन्हा एकदा हातात घेऊन हलवला.

मी त्यांना विचारलं, एका खाडीत अनेकांची जाळी असतात, मग भांडणं होत नाहीत का? ते म्हणाले, पाळी असते. ज्याची होडी आधी येऊन जागेवर लागली, त्याची पाळी आधी. त्याचं जाळं पडलं की दुसऱ्याने थांबायचं. मासा डोळ्यांसमोर उड्या मारत असला तरी थांबायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. "माझ्या बापाने पाळलं, म्हणून मी पाळतो." मला वाटतं, मी सकाळपासून ऐकत होते ती शांतता यातूनच आली होती. पामिस्तवर जो तो थांबलेला होता, आणि आपण कशासाठी आणि कुणाच्या मागे थांबलोय हे प्रत्येकाला माहीत होतं.

आमच्या किनाऱ्यावर हे मोडत चाललंय. पर्ससीनची जाळी अख्खा थवा खोल पाण्यातच उचलतात, तो किनाऱ्याला लागतच नाही. मग रापणीचे दोर ओढून ओढून हाताला येतं ते शेवाळ आणि प्लास्टिक. 2016 साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, रापणकारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून भांडण केलं होतं, आणि तरी रात्रीच्या दिव्यांची मासेमारी अजून त्यांच्या पोटावर येतेच. दुसरीकडून पर्यटन येतंय. त्यातून घरात पैसा येतो, पोरांना मुंबईला जावं लागत नाही, हे मी बघितलंय आणि ते मला हवंच आहे. पण जिथे रापणीचा दोर पसरायचा तिथे जेव्हा पॅराशूट ओढणारी जीप फिरते, तेव्हा किनाऱ्यावरची पाळीही जाते. वाटे करणारा म्हातारा जातो. मग किनारा राहतो तो फक्त बघायचा. पामिस्तचा किनारा गावाचा राहिलाय कारण गावाचं काम अजून त्याच्यावर होतं, असं माझं ठाम मत आहे. कायद्याने सार्वजनिक असणं त्याला पुरलं नसतं.

समुद्र इतका जवळ असण्याची किंमतही आजोबांनी सांगितली. इथली वादळं पूर्वेकडून, अटलांटिकवरून येतात. मधे डोंगर असतो, म्हणून पश्चिमेचा हा किनारा आडोशाचा. पण 1999 च्या नोव्हेंबरात लेनी नावाचं चक्रीवादळ उलटं, पश्चिमेकडून पूर्वेला निघालं. लाटा सरळ ग्वाव्हच्या दारात आल्या. भरती माहीत नसलेल्या गावात समुद्र घरात शिरला. होड्या रस्त्यावर गेल्या, पाण्याला लागून असलेली घरं गेली. मग 7 सप्टेंबर 2004 ला आयव्हन आलं, आणि या वेळी डोंगराचाही उपयोग झाला नाही. देशातल्या दर दहा घरांतल्या जवळपास नऊ घरांचं नुकसान झालं आणि जायफळाच्या बागा आडव्या झाल्या.

जायफळ हा या देशाचा जीव आहे, त्यांच्या झेंड्यावरही ते आहे. आयव्हनआधी जगात इंडोनेशियाच्या पाठोपाठ ग्रेनेडाचा नंबर होता. ग्वाव्हमध्ये जायफळ सोसायटीचं जुनं लाकडी केंद्र आहे, दुपारी मी तिथे गेले. आत शिरताच आमच्या घरच्या श्रीखंडाचा वास आला, इतका दाट की घसा भरून आला. बायका पाण्याच्या टाकीत जायफळं ओततात: बुडलं ते भरलेलं, तरंगलं ते हलकं. जायपत्री वेगळी सुकते. तागाच्या पोत्यांवर परदेशातल्या बंदरांची नावं छापतात. पण मोठ्या फळ्यांच्या त्या माळ्यावर रिकामी जागाही बरीच होती. जायफळाचं झाड लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि पुरतं भरात यायला त्याच्या कितीतरी पुढे. आयव्हनमध्ये साठीला आलेला शेतकरी पुन्हा कशाच्या जोरावर लावणार? तिथल्या एका बाईने मला सरळ सांगितलं की तिच्या भावाने लावलं नाही, तो होडीवर गेला.

तिथून गावात आले तर शंख वाजत होता. मी रस्त्यातच थांबले. तिथे मासे आले की विकणारा 'लांबी' नावाच्या समुद्री गोगलगायीचा मोठा शंख फुंकून गावाला सांगतो. देवघरातला आणि आरतीतला शंख मी आयुष्यभर ऐकलाय, पण मासे आल्याचा शंख पहिल्यांदाच ऐकला, आणि घराघरांतून टोपल्या, पातेली घेऊन निघालेल्या बायका बघून त्या आवाजाचा मान जराही कमी झाला असं वाटलं नाही.

याच गावात कोळ्यांचा वाढदिवस असतो, 29 जूनला. संत पीटर आणि संत पॉलचा सण. पीटर स्वतः मासे धरणारा. त्या दिवशी पाद्री होड्यांवर आणि जाळ्यांवर तीर्थ शिंपडतात, मग होड्यांच्या शर्यती लागतात. हे ऐकताना मला कांदोळी आठवली. त्याच दिवशी, त्याच संतासाठी, गोव्यात सांगोड असतो. दोन होड्या एकत्र बांधून, माडाच्या झावळ्यांनी सजवून, भर पावसात नदीत काढतात आणि त्यावर गाणी आणि नाटुकली होतात. गोव्यात तो मासेमारीच्या बंदीचा काळ असतो, होड्या विसाव्याला असतात. ग्रेनेडात जूनमध्ये वादळांचा मोसम उघडलेला असतो. म्हणजे एकाच दिवशी पृथ्वीच्या दोन बाजूंना कोळी माणसं आपल्या होड्या आशीर्वादासाठी पुढे करतात आणि दोन्हीकडे समुद्र खवळायच्या दिवसांतच करतात. 2024 साली त्या सणानंतर दोनच दिवसांनी, 1 जुलैला, बेरिल वादळ ग्रेनेडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळलं. ते आणि शेजारचं बेट उद्ध्वस्त झालं, मुख्य बेटाच्या उत्तरेलाही फटका बसला. पुढच्या जूनमध्ये पुन्हा 29 तारीख आलीच.

भाची आली तेव्हा अंधार पडला होता. शुक्रवारी संध्याकाळी ग्वाव्हच्या दोन गल्ल्या वाहनांना बंद होतात आणि दोन्ही बाजूंना माशांच्या चुली पेटतात. भाजलेला ट्यूना, शंखातल्या लांबीचा रस्सा, तळलेले माशांचे वडे, कोळंबी. एका टोपात ऑइल डाउन शिजत होतं, त्यांचं राष्ट्रीय अन्न: नीरफणस, खारवलेलं मांस, नारळाचं दूध, हळद आणि वरून अळूची पानं. मी झाकण उघडलेल्या टोपात वाकून बघितलं आणि भाचीला म्हटलं, यात आमसुलं घातली तर हे आपलंच. लाउडस्पीकरवर गाणी चालू होती. एक बापई माणूस आपल्या लहान मुलाला समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवून सांगत होता की किरानी इथूनच धावत जायचा. किरानी जेम्स, याच गावचा. 2012 साली लंडनला 400 मीटर 43.94 सेकंदांत धावून त्याने ग्रेनेडाला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, तेही सोन्याचं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मूल आईस्क्रीम खाण्यात गुंग होतं, पण बाप सांगत राहिला.

माझ्या हातात सकाळची पिशवी होती. जायफळाच्या केंद्रातल्या बायकांनी ती दुपारभर आपल्या बर्फाच्या डब्यात ठेवली होती. एका चुलीवरच्या बाईने ती बघितली आणि विचारलं, विकत घेतलेस? मी म्हटलं, नाही, पामिस्तला रापण ओढली. तिने पिशवी माझ्या हातून घेतली, मासे तिथल्या तिथे साफ केले, हिरवं वाटण चोळलं, आणि निखाऱ्यांवर टाकले. पैसे विचारले तर तिने चिमटा हलवत नकार दिला. भाजून झाल्यावर चार मासे केळीच्या पानावर आमच्यापुढे ठेवले आणि दोन स्वतःच्या ताटलीत घेतले. "हा माझा वाटा," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.